एक शब्द शिकलो, मशीन राहिली

कामठा, ता. जि. गोंदिया
शनिवार, २६ नोव्हेंबर २०११

आदरणीय भाऊजींना राजदीपचा सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. आईचा गुडघा थंडी पडल्यापासून कुरकुरतो, बाबांची कंबर होती तशीच आहे, धान कापून खळ्यावर आलं, आणि काळ्या शेळीला दोन पिल्लं झाली (दोन्ही पाठी, माद्याच, म्हणून आई खूश आहे). तुमची शुगर कशी आहे? सकाळचं फिरणं सोडू नका. रचनाताईचीही तब्येत विचारायची होती, पण हे पत्र तिला दाखवायचं नाही, म्हणून विचारत नाही. तुम्ही म्हणाल, घरोघरी मोबाइल आले आणि हा गडी खुशालच्या हाती चिठ्ठ्या कायले पाठवून राहिला? तर भाऊजी, तुमचा मोबाइल ताई उचलते. ताईला कळलं की आईला कळतं, आईला कळलं की शेजारच्या कुसुमकाकूला, आणि कुसुमकाकूला कळल्यावर कामठ्यात दवंडीची गरज उरत नाही. मला ही गोष्ट फक्त एका माणसापासून लपवायची आहे, आणि तो माणूस म्हणजे बाबा. का, ते पुढे येईलच. आधी माझी दशा ऐका.

ह्या दशेची सुरुवात तुमच्यापासून होते, राग मानू नका. मागच्या उन्हाळ्यात खुशालच्या लग्नात (खुशाल म्हणजे आमच्या मिलमधला वजनकाट्यावरचा गडी, हे पत्र घेऊन आलेला तोच) नंदलालसेठ पाच मिनिटांसाठी आला होता. त्या पाच मिनिटांत तुम्ही त्याला सांगितलं की आमच्या साळ्याची इंग्रजी अव्वल आहे. तुम्ही शाळामास्तर, तुमच्या शब्दाला किंमत. मी चार वर्षांपासून गोंदिया रोडवरच्या त्याच्या राइस मिलमध्ये बोऱ्यांवर नंबर टाकतो, पण सेठने माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्या त्या वाक्यानंतर. मग दिवाळी झाली आणि चीनहून तांदूळ निवडायची मशीन आली. ती एकेका दाण्याचा फोटो काढते आणि काळा, पिवळा, डागी दाणा दिसला की हवेने फुंकून बाजूला उडवते. (आईला सांगितलं तर म्हणाली, हे काम मी सुपात चष्म्याबिगर करत होती, त्याच्यासाठी चीनले कायले जा लागते?) मशीन बसवायला दहा दिवसांसाठी एक चिनी इंजिनिअर येणार होता आणि त्याच्याबरोबर राहायला इंग्रजीवाला माणूस हवा होता. सेठ म्हणाला, ‘दस दिन में सीख ले राजदीप, तो मशीन तेरी. नहीं सीखा तो बोरे तो हैं ही.’

मशीनसोबत कंपनीचं एक इंग्रजी पत्र होतं. सेठने ते सगळ्यांसमोर माझ्याकडून वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं की आमच्या इंजिनिअरला ‘अनड्यूली’ अडकवून ठेवू नये. हा शब्द मला येत नव्हता. सेठसमोर येत नाही म्हणणं म्हणजे तिथल्या तिथे बोऱ्यांकडे परत जाणं, म्हणून मी तो गिळला आणि ठोकून दिलं की ते म्हणतात, आमच्या माणसाला नीट सांभाळा. सेठ खूश झाला. म्हणाला, लॉजचं खाऊन बिचारा बीमार पडेल, घर का खाना खिलाओ.

इंजिनिअरचं नाव लिऊ. वय तुमच्याएवढं, अंगाने बारीक, बोलायला सावकाश, कामाला चोख. माणूस म्हणून सांगतो, असा भला माणूस मी गोंदियात पाहिला नाही. परत गेल्यावर त्यांची कंपनीत इंग्रजीची परीक्षा होती, तिच्यावर बढती अडली होती. म्हणून मी त्यांचा इंग्रजीचा गुरुजी ठरलो, आणि त्यांच्या खिशात एक जाडं पुस्तक: इंग्रजी शब्द, आणि खाली चिनी लोकांसाठी चिनीतच समजावलेला अर्थ. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी ते पुस्तक टेबलावर पडलेलं दिसलं आणि मी हळूच पानं उलटून माझा गिळलेला शब्द शोधला. सापडला, पण अर्थ चिनीत. मी डोळे फाडून पाहत बसलो. लिऊसाहेबांना वाटलं, गुरुजींनी आजचा धडा निवडला. त्यांनी खुर्ची ओढली, वही उघडली आणि माझ्यापुढे शाळेतल्या पोरासारखे बसले.

आता पाहा भाऊजी, शिकवणाऱ्याला शब्द येत नाही आणि शिकणाऱ्याला फक्त त्याचा चिनी अर्थ येतो. त्यांनी वहीत दोन चौकोनी अक्षरं काढली. पहिल्यावर बोट ठेवून दोन बोटं टेबलावरच्या पेनावरून पलीकडे चालवली. दुसऱ्यावर बोट ठेवून भिंतीवरची मोजपट्टी दाखवली. माप ओलांडून. जेवढं बरोबर आहे त्याच्या पलीकडे. मला झटकन समजलं, आणि कंपनीने काय लिहिलं होतं आणि मी सेठला काय सांगितलं होतं तेही त्याच झटक्यात समजलं. (शेजारच्या पाटलांची नवी सून माप ओलांडूनच घरात आली आणि सगळ्यांनी कौतुक केलं, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते आणखी गोंधळले.) मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याने माझे पुढचे दहा दिवस खाल्ले: बरोबर माप कोणतं, आणि ते कोण ठरवतो? बी.ए.ला मला हे कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, दाखवतो. दुसऱ्या दिवशी गोंदियाहून कामठ्याला येताना काळी-पिवळी जीपमध्ये आम्ही सोळा जण होतो आणि लिऊसाहेबांच्या मांडीवर कोण्या बाईची कोंबडी होती. मी म्हटलं, हे घ्या, हे अनड्यूली. त्यांनी आनंदाने लिहून घेतलं. तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, ‘थोड़ा सरको भैया, अभी दो सवारी और आएगी,’ आणि दोन आल्याही, एकाजवळ सायकलचं चाक. लिऊसाहेबांनी लिहिलेलं खोडलं. मिलच्या फाटकात ट्रक दाखवला, बोरे केबिनच्याही वर गेलेले. मुनीम म्हणाला, चार अजून बसतात. खोडलं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नेलं, तिथे नाटकाचे भोंगे झाडाझाडावर बांधलेले, आमचे कान बधिर झालेले, आणि आयोजक माइकवर विचारत होते की मागच्या मंडळींना आवाज येऊन राहिला का, आणि मागची मंडळी नाही म्हणत होती. लिऊसाहेबांनी वही मिटली. हा शब्द तुमच्या देशात लागू पडतो का, असं त्यांनी फार नम्रपणे विचारलं.

आता बाबांचं सांगतो. तुम्हाला माहीतच आहे, ह्याच मिलमध्ये त्यांनी तीस वर्षं बोरे वाहिले. कंबर गेली तेव्हापासून घरी बसले आणि बोलणं कमी केलं. मशीनचं कळलं आणि त्यांना वाचा फुटली. रोज संध्याकाळी पानठेल्यावर जाऊन उभे राहायचे आणि जो भेटेल त्याला सांगायचे, माहा पोरगा आता चीनची मशीन चालवते, बोरे नाही उचलत. (अजून मशीनचं खोकंही उघडलं नव्हतं.) एवढ्या वर्षांत ज्यांनी बाबांना कधी चहाला बसा म्हटलं नसेल, ते लोक आता म्हणू लागले, केवळरामभाऊ, तुमच्या पाहुण्याले आमच्याकडे जेवाले आना. बाबांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते पाहून मी एकाही घराला नाही म्हणू शकलो नाही. भाऊजी, तुम्ही असते तर तुम्हीही नाही म्हटलं नसतं.

पहिलं जेवण कुसुमकाकूकडे. भात, वरण, पाटवडीचा रस्सा, लाखोळीची भाजी. लिऊसाहेब पोटभर जेवले आणि ताटात थोडं ठेवलं. त्यांच्या गावी ताटात थोडं उरवणं म्हणजे यजमानाने भरपूर वाढलं, पोट भरलं, असा मान. आपल्याकडे ताटात उरलं म्हणजे बाईच्या हाताला नाव ठेवलं. कुसुमकाकूचा चेहरा उतरला. ‘काऊन जी, आवडलं नाही का?’ म्हणत ती आत गेली आणि उडदाचे वडे तळून घेऊन आली. लिऊसाहेबांना वाटलं, इथे रीतच अशी असेल. वडे खाल्ले, दोन मानाने ठेवले. काकूने घाऱ्या काढल्या. घाऱ्यांनंतर मी त्यांना बाहेर नेऊन समजावलं की उरवू नका, सगळं संपवा, तरच सुटका. (हा सल्ला मी दिला, दुसऱ्या कोणी नाही.)

दुसऱ्या दिवशी केशोरावांकडे त्यांनी ताट पुसून लखलखीत केलं. केशोराव ओरडले, पाहुणा उपाशी उठून राहिला, वाढा नं! पुन्हा भाताचा डोंगर आला. बिचाऱ्यांनी तोही संपवला, कारण गुरुजींनी सांगितलं होतं. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांनी हात जोडून नको म्हटलं, पण आपल्याकडे पहिलं नको म्हणजे लाज, दुसरं नको म्हणजे रीत, आणि तिसरं कोणाला ऐकू येत नाही. रात्री लॉजवर त्यांनी मला लेखी विचारलं की कितव्या ‘नको’नंतर अनड्यूली सुरू होतं. मी कुसुमकाकूला विचारलं. ती म्हणाली, पाहुणा उठून हात धुवून राहिला तरी एक वडा हातात द्या लागते.

ह्यात मशीन कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. मीही रोज तेच विचारत होतो. सकाळी ते एकटे नटबोल्ट आवळायचे, मला हात लावू देत नव्हते. शिकवणं दुपारनंतर ठरलेलं, आणि दुपारी आम्ही कामठ्यात जेवत असायचो. परत आल्यावर ते बोऱ्यांच्या थप्पीवर जे आडवे व्हायचे ते चार वाजेपर्यंत. झोप येण्याआधी वहीत चिनी अक्षरं काढून मला मशीनचं काहीतरी समजावायचे आणि मी मान हलवायचो. समजलं म्हणून नाही, माणूस एवढ्या कष्टाने सांगतो आहे म्हणून. त्यांना वाटलं, पोरगा हुशार आहे, अक्षरं भराभर उचलतो.

सातव्या दिवशी कोणाकडेच जेवण नव्हतं. सकाळी अकराला लिऊसाहेबांनी मला मशीनपुढे उभं केलं आणि बाह्या वर केल्या. मी म्हटलं, झालं, आपलं नशीब उघडलं. आणि खिशातला मोबाइल वाजला. काकू. ‘पाहुणा आज उपाशी राहीन का रे? डब्बा घेऊन जाय.’ मी सांगायचा प्रयत्न केला, तर मागून बाबांचा आवाज आला, जाय रे, मानसाचा जीव हाय. सायकल काढली. पाच पुडांचा डबा घेऊन दीड तासाने परत आलो तेव्हा मशीन सुरू होऊन, चालून, बंदही झाली होती. खाली निवडलेला तांदूळ पडला होता, एक काळा दाणा नाही. सेठ टाळ्या वाजवत होता, मुनीम पेढे वाटत होता. सेठने मला मिठीच मारली आणि विचारलं, ‘देखा ना? सीख लिया ना?’ मी हो म्हटलं. भाऊजी, मी हो म्हटलं! माझ्या हातात तो डबा होता, सगळे हसत होते, आणि ह्या तोंडातून दुसरं काही निघालंच नाही.

तो डबा लिऊसाहेबांनी संपवला. त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. डॉक्टरने विचारलं, आठवडाभरात काय काय खाल्लं? मी सांगायला लागलो, आणि घाऱ्यांपर्यंत पोचलो तेव्हा डॉक्टरने पेन खाली ठेवला. दोन दिवस सलाईन. कुसुमकाकू तिथेही आली, पातळ पेज घेऊन, मोठ्या पातेल्यात, गंजभर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लिऊसाहेबांनी दोन चमचे घेतली आणि गंजाकडे पाहून, मग माझ्याकडे पाहून इंग्रजीत म्हणाले, तुझी माणसं माझ्यावर अनड्यूली माया करतात. शब्द अगदी जिथे पाहिजे तिथे बसला. त्यांचा चेहरा फुलला, ते स्वतःशी दोनदा पुन्हा म्हणाले, आणि ह्या वेळी त्यांनी वहीत लिहिलेलं खोडलं नाही. मला रडू आलं. एका माणसाला एक शब्द शिकवला ह्याचा आनंद होता, आणि त्यांचं विमान परवा होतं ह्याचा धसका होता.

त्या दोन दिवसांत एका हाताला सलाईन आणि दुसऱ्या हातात पेन, अशा स्थितीत त्यांनी माझ्यासाठी मशीन चालवायची सगळी रीत लिहून काढली. अकरा पानं. सुंदर अक्षर, एकही खाडाखोड नाही, आणि सगळं चिनीत. मी एवढ्या माना हलवल्या होत्या की त्यांना वाटलं, ह्याला वाचता येतं. निघताना त्यांनी ती पानं दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. मी दोन्ही हातांनी घेतली. त्या क्षणी सांगायला पाहिजे होतं, मला कळतं. पण तुम्ही त्या माणसाचा सुकलेला चेहरा पाहिला असता तर तुमचीही जीभ उचलली नसती. काल मी हिंमत करून चीनला फोन लावला. त्यांनी आनंदाने विचारलं, काकू कशी आहे? मी बरी आहे म्हटलं आणि बॅलन्स संपला.

सेठने सोमवारी सकाळी दहाचा मुहूर्त ठरवला आहे. रायपूर आणि बालाघाटचे व्यापारी तांदूळ पाहायला येणार आहेत आणि मशीन मी सुरू करायची आहे. मी ह्या क्षणी इंग्रजीतलं एक क्रियाविशेषण सोडून दुसरं काही जाणत नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. इंग्रजी येते म्हणून ज्यांनी मला वर उचललं त्या तुम्हालाच हे सांगतो आहे. तुमच्याशिवाय कोणासमोर तोंड उघडायची सोय नाही. मुलांना माझा लाड, आणि ताईने विचारलं तर म्हणा, शेळीबद्दल लिहिलं आहे.

तुमचा कर्मदरिद्री साळा,
राजदीप

ता. क. : खरं काम इथे आहे, वरचं नाही वाचलं तरी चालेल. अकरा पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तुमच्या अर्जुनीकडे तिबेटी लोकांची वसाहत आहे, हिवाळ्यात गोंदियाला स्वेटर विकायला येतात तीच मंडळी. त्यांच्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला चिनी वाचता येत असेल तर उद्या, रविवारीच, जाऊन मराठीत उतरवून आणा आणि खुशालच्या हाती संध्याकाळच्या गाडीने पाठवा. विचारताना जपून विचारा. त्यांचं आणि चीनचं काय आहे ते तुम्ही वर्गात शिकवता, मी काय सांगू. आधी हे सांगा की हे सरकारी काम नाही, तांदळाचं आहे. आठव्या पानावर जे गोल चित्र आहे तो काकूचा वडा आहे, मशीनचा भाग नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका.

आणखी एक : आई मागे उभी राहून विचारते आहे की एवढं लांब कोणाला लिहून राहिला. मी म्हटलं, भाऊजींना, तिबेटी माणसाबद्दल. ती म्हणते, त्याले घेऊनच या म्हना, सोमवारी मी कोंबडी करतो.

शेवटचं : सोमवारी बाबाही मिलवर येणार आहेत. कंबर धरून एवढ्या दूर येऊ नका म्हटलं, ऐकत नाहीत. तुम्ही ताईच्या लग्नात दिलेला तो पांढरा शर्ट त्यांनी आज इस्त्रीला टाकला. ज्या दारातून तीस वर्षं पाठीवर बोरा घेऊन आत गेले, त्याच दारात उभं राहून त्यांना मला मशीन सुरू करताना पाहायचं आहे. मघाशी जेवताना त्यांनी विचारलं, कोणतं बटन दाबशील रे पहिलं? मी म्हटलं, हिरवं. ते समाधानाने हसले आणि हात धुवायला गेले. भाऊजी, त्या मशीनला बटनच नाही. समोर सगळी गुळगुळीत काच आहे.